मंडलाची वही मिटा, खिडकीतला पिंपळ बघा

वाचक लिहितात: "मी ४७ वर्षांची. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, नोकरी ठाण्याला. फेब्रुवारीत आई गेली. एप्रिलमध्ये मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या सुरू केल्या. झोप आणि जेवण सुधारलं, पण कशातच मन रमत नाही. मुलीने 'आर्ट थेरपी'चं एकवीस दिवसांचं चॅलेंज शोधून दिलं. मंडलाची, म्हणजे गोल पाकळ्यांच्या नक्षीची, वही, बारीक पेनं, ॲक्रिलिक रंग, कॅनव्हास, सगळं आणलं. हात थरथरतो, रेघ बाहेर जाते. सहाव्या दिवशी रडून सोडून दिलं. एका व्हिडिओत 'दुःख कागदावर ओता' असं होतं, म्हणून एकदा रात्री सगळे झोपल्यावर ॲक्रिलिक घेऊन आईचे शेवटचे दिवस रंगवायला बसले. पुढचे दोन दिवस ऑफिसला जाता आलं नाही. डॉक्टर म्हणतात निसर्गात जा. या पावसात, लोकलच्या गर्दीत कुठे जाऊ? चित्रकलेशी माझं शाळेपासून वाकडं. आणि हे सगळं जमलं तर गोळ्या सोडता येतील का?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. चित्रं, झाडं, माती यांनी गोळ्यांची जागा घ्यायची नसते. झोप आणि भूक सुधारली याचा अर्थ औषध लागू पडतंय. मन रमायला बहुतेकदा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि नेमक्या या मधल्या काळात कंटाळून गोळ्या सोडणारे पुष्कळ. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारणपणे किमान सहा महिने चालू ठेवतात. मध्येच स्वतःहून बंद केलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, झोपेचं खोबरं, असा त्रास होऊ शकतो. आजार उलटण्याचा धोका आहे तो वेगळाच. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने.

आता थरथरणारा हात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी हाताला बारीक कंप येतो. थायरॉइड, जागरण, दिवसभरातला पाच-सहा कप चहा यांनीही येतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे जरूर सांगा. ही तक्रार 'चित्र बिघडतं' एवढ्यावर सोडून देण्यासारखी नाही. आणि मग बघा, अशा हातात तुम्ही काय धरलं होतं: ०.४ मिलिमीटरचं पेन आणि सोळा सारख्या पाकळ्यांचं वर्तुळ. कंप सगळ्यात उठून दिसावा असंच साधन. त्यात नैराश्यात एकाग्रता कमी होते, आणि मंडलात एक पाकळी चुकली की उरलेल्या पंधरा ती चूक दाखवत राहतात. रडू आलं यात नवल काय? मंडल रंगवल्याने काही वेळापुरती चिंता उतरते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, ते खरं आहे. पण चिंता उतरवणं वेगळं आणि ज्याला काहीच करावंसं वाटत नाही त्याला हलतं करणं वेगळं. वही मुलीला देऊन टाका.

त्या रात्रीबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो आणि तो एकट्याने घरी करण्याचा प्रकार नाही. कलोपचारात, म्हणजे आर्ट थेरपीत, साधनांकडे एका विशिष्ट नजरेने बघतात. सँड्रा कॅगिन आणि विजा लुसेब्रिंक या कलोपचारकांनी १९७८ मध्ये मांडलेली एक चौकट आजही शिकवली जाते. तिच्यात एका टोकाला हाताला विरोध करणारी साधनं येतात: पेन्सिल, लाकूड, घट्ट माती, कातरलेले कागद. दुसऱ्या टोकाला वाहणारी: ओल्या कागदावर पसरणारा जलरंग, बोटांनी फासायचा रंग, पातळ केलेलं ॲक्रिलिक. विरोध करणारं साधन मनाला आवर घालतं, वाहणारं भावना सैल करतं. तुम्ही घेतला विषय सगळ्यात ओला, साधन वाहणारं, वेळ रात्रीची, आणि 'आता थांबू या' म्हणायला शेजारी कोणी नाही. प्रशिक्षित कलोपचारक असा विषय काही भेटी झाल्याशिवाय सहसा काढत नाही. तासाभराच्या भेटीतली शेवटची दहा मिनिटं तो माणसाला पुन्हा जागेवर आणण्यासाठी राखून ठेवतो, आणि चित्र बहुधा त्याच्या कपाटात राहतं, तुमच्या उशाशी नाही. त्या रात्री यातलं काहीच नव्हतं. म्हणून पुढचे दोन महिने आईचं आजारपण, हॉस्पिटल, शेवटचा दिवस हे विषय घरच्या कागदावर आणू नका. आईची आठवण येईलच, ती येऊ द्या. पण काढायची वस्तू समोर असलेली हवी, डोक्यातली नको.

समोरची वस्तू, हे घरी करायच्या सगळ्या प्रकाराचं सार आहे. 'आर्ट थेरपी' हा शब्द रुळवला तो ॲड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने, १९४२ च्या सुमारास. १९३८ मध्ये क्षयामुळे तो आरोग्यधामात खाटेला खिळला होता. वेळ घालवायला त्याने काय काढलं? खाटेवरून दिसणाऱ्या आसपासच्या वस्तू. दुःख ओतणं वगैरे काही नाही. नैराश्यातलं मन 'माझं काय चुकलं, पुढे काय होणार' याच गिरणीत फिरत असतं. डोळ्यांना खरोखरचं काम दिलं की ती गिरणी तेवढा वेळ मंदावते. पानाची कड करवती आहे की सपाट, देठ कुठल्या बाजूला वळलाय, हे बघताना बाकीचे विचार करायला जागा कमी उरते. आम्ही तुम्हाला सुचवतोय तो उपचार नाही, सराव आहे. उपचार तुमचे डॉक्टर करत आहेतच.

निसर्गासाठी कुठे जाऊ, असं विचारलंत. डोंबिवलीत या दिवसांत तुम्हाला कुठेही जायची गरज नाही; इमारतीच्या मागच्या बाजूला ड्रेनेजच्या पाइपाच्या सांध्यातून पिंपळाचं एखादं रोप डोकावत असणार. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्याच्यावर चर्चा होते तेच. त्याची कोवळी पानं तांबूस असतात आणि तुकतुकीत, मग पोपटी होतात, मग गर्द. पानाचं शेपटीसारखं लांब टोक पावसाचं पाणी निथळवतं. थेंब टोकाशी जमतो, लोंबतो, पडतो, पान मागे उसळतं. खिडकीतून दिसत असेल तर हेच तुमचं झाड. पिंपळ नसेल तर कंपाउंडवरचं शेवाळ, कुंडीतली कर्दळ, शेजारच्या गॅलरीतली जास्वंद. एकच निवडा आणि महिनाभर बदलू नका. रोज नवा विषय शोधायचा म्हटलं की निवडण्यातच दम संपतो. नैराश्यात निर्णय घेणं हेच सगळ्यात जड काम असतं.

खिडकीतून बघण्याला काय अर्थ, असं वाटेल. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर २३ रुग्णांच्या खोलीच्या खिडकीतून झाडं दिसत होती, तशाच दुसऱ्या २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, पण तुमच्या गॅलरीच्या ग्रिलला त्याने किंमत येते. आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवा, हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ च्या पाहणीतून आला. त्यात एवढा वेळ बाहेर घालवणारे लोक जास्त निरोगी आढळले, पण बाहेर गेल्यामुळे निरोगी की निरोगी म्हणून बाहेर, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय घरची बाग त्यात धरली नव्हती. तेव्हा आकड्यामागे धावू नका. कामाच्या दिवशी दहा मिनिटं खिडकी आणि रविवारी पाऊस उघडला तर तासभर खाडीच्या बाजूला किंवा जवळच्या बागेत, एवढं पुरे.

सामान चारशे रुपयांच्या आतलं घ्या. ए-५ आकाराची, १५० जीएसएमच्या जाडसर कागदाची स्केचबुक, ६बी पेन्सिल, बारा ऑइल पेस्टलची पेटी. खोडरबर घेऊ नका. ६बी मऊ असते, जाड उमटते, कंप तिच्या रेघेत मुरून जातो. पेस्टलचंही तेच, आणि मोडलेला तुकडा आडवा धरून फिरवला तर आणखी बरं. पावसाळ्यात जलरंग मुद्दाम टाळायला सांगतो: दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, लाटा येतात, आणि तुम्हाला वाटेल पुन्हा आपलंच चुकलं. ॲक्रिलिकच्या ट्यूब झाकणं घट्ट लावून ठेवून द्या, त्या टिकतात. कॅनव्हास तर डोळ्यांसमोर ठेवूच नका. एवढा मोठा कोरा पांढरा चौकोन भल्याभल्यांना दबकवतो.

आता ती दहा मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत, गजर स्वयंपाकघरातल्या टायमरवर. सुरुवातीला वहीच्या कोपऱ्यात तारीख आणि मनाचा अंक, ० ते १० (० म्हणजे सगळ्यात वाईट, १० म्हणजे सगळ्यात बरं). मग तीन मिनिटं पेन्सिल न उचलता फक्त बघायचं. ही तीन मिनिटं फार लांब वाटतात आणि सगळे तीच गाळतात. तसं करू नका, कारण खरं काम तिथेच होतं. पुढची चार मिनिटं, कागदाकडे न बघता बाह्यरेषा. नजर पानाच्या देठावर ठेवा, पेन्सिल कागदावर टेकवा, आणि नजर कडेने जितक्या सावकाश सरकेल तितक्याच सावकाश हात सरकू द्या. मुंगी पानाच्या कडेवरून चालते आहे आणि तुमची पेन्सिल तिच्या मागे आहे, असं धरा. कागदाकडे पाहिलंत की थांबा, नजर परत पानावर, मग पुढे. येणारं चित्र वेडंवाकडंच येणार, जे. जे. मधून शिकून आलेल्याचंही तसंच येतं. म्हणून तर हा प्रकार निवडला. पान हुबेहूब आलं का, हा प्रश्नच यात उरत नाही, आणि शाळेपासून तुमच्या मागे लागलेला तोच प्रश्न आहे. उरलेली तीन मिनिटं एक रंग: आज पानात कुठला रंग सगळ्यात जास्त दिसला, त्याचा चौकोन पेस्टलने भरा. हिरव्यावर पिवळा, त्यावर थोडा तपकिरी, असं घासून जुळवत बसा. शेवटी पुन्हा अंक. वही बंद.

अंक कशासाठी? नैराश्यात आठवणसुद्धा खोटं बोलते. आठवड्याने विचारलं तर 'काही उपयोग झाला नाही' हेच उत्तर येतं. आकडे समोर असले की दिसतं, बुधवारी ३ चे ४ झाले होते. दोनाचे पाच होतील अशी अपेक्षा ठेवू नका. एकाने वाढला तरी तो दिवस चांगला, आणि जागेवर राहिला तरी सराव झालाच. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात ३९ जणांनी ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज असं हवं ते केलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक उतरलं, आणि पूर्वी कला शिकलेले आणि न शिकलेले यांत फरक नव्हता. उरलेल्या चौथ्या हिश्श्याचं उतरलं नाही, हेही लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी तुम्ही त्या हिश्श्यात असाल.

वेळ मनावर सोपवू नका, घड्याळावर सोपवा. 'मूड आला की बसेन' म्हटलंत तर मूड यायचा नाही. या आजारात कृती आधी आणि उत्साह तिच्या मागून, अशी उलटी चाल असते. पुष्कळांना सकाळ सगळ्यात जड जाते, म्हणून सकाळी लोकल गाठण्याआधी बसू नका. ऑफिसमधून आल्यावर, हातपाय धुऊन, चहाच्या आधी बसा. श्रावणात सातपर्यंत उजेड पुरतो. यायला उशीर झाला तर डब्यासाठी आणलेल्या पालेभाजीतली एक काडी ताटलीत ठेवा आणि ट्यूबलाइटखाली तीच काढा. दोन दिवस चुकले तर भरपाई करायची नाही, तिसऱ्या दिवशी दहाच मिनिटं. एकवीस दिवसांच्या चॅलेंजमध्ये हाच खोडा असतो: साखळी तुटली की माणूस सगळंच सोडतो.

रविवारच्या तासासाठी थोडा खेळ. गोकर्णाची आठ-दहा निळी फुलं पाव कप उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा आणि गाळा. या निळ्या पाण्याचे तीन भाग करा: एकात लिंबाचे चार थेंब घातले की जांभळा-गुलाबी, एकात चिमूटभर खायचा सोडा घातला की हिरवट निळा, एक तसाच. अर्धा चमचा हळद दोन चमचे गरम पाण्यात कालवून कागदावर लावा, आणि वाळल्यावर त्यावर सोड्याचं पाणी ब्रशने ओढा, विटकरी रेघ उमटते. रंग कागदाला धरायला हवा असेल तर वाटाण्याएवढा बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून घाला. हळद आणि गोकर्ण दोन्ही उन्हात उडतात, टिकवायच्या भानगडीत पडू नका. इथे पाणी वापरतोय, पण कागद फडफडला तरी चालेल, हे चित्र नाहीच. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं. बाटलीवर चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी सरबत म्हणून पिईल. कण्हेर, धोतरा आणि रुई यांना मात्र हात लावू नका. तिन्ही विषारी, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

फार अस्वस्थ, हात चोळत बसण्याचे दिवस असतील तेव्हा वही नको, शाडू घ्या. गणपतीच्या आधी ती सगळीकडे मिळते. अर्धा किलो पुरते. पाणी थोडं थोडं घालत कणकेपेक्षा घट्ट मळा, कारण हाताला विरोध हवा. दहा मिनिटं नुसती मळा, दाबा, गोळा करा, पिंपळाचं पान उपडं दाबून शिरांचा ठसा घ्या. पानाच्या मागच्या बाजूच्या शिरा उठावदार असतात, ठसा त्याच बाजूचा चांगला येतो. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की हीच माती पुढच्या वेळी चालते. वाळवायला ठेवली तर जाड-पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि तडे जातात, म्हणून वाळवूच नका, परत गोळा करा. काही उरत नाही, त्यामुळे कोणाला दाखवायचंही काही उरत नाही.

दाखवण्यावरून आठवलं. घरच्यांचं प्रेम इथे आडवं येतं. 'छान काढलंस, स्टेटसला ठेव' या वाक्याने दुसऱ्या दिवसापासून तुम्ही लाइकसाठी काढू लागता. 'आई, देठ जरा जाड झालाय' या वाक्याने थांबता. आणि कोणी काळ्या रंगाकडे बोट दाखवून 'एवढी उदास का गं?' विचारलं तर वहीच लपवाल. काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असलं रंगांचं पंचांग कुठलाही शिकलेला कलोपचारक वापरत नाही. पिंपळाचं खोड काळपट दिसलं म्हणून काळा घेतला, एवढंच. महिनाभर वही कोणालाच दाखवायची नाही, असं मुलीला स्पष्ट सांगा. तिला मदत करायचीच असेल तर त्या दहा मिनिटांत दाराची बेल आणि कुकर सांभाळू दे.

खरा कलोपचार हवा असेल, आणि त्या रात्रीनंतर तो विचार करण्याजोगा आहे, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. कोणाकडे जाल त्यांना तीन गोष्टी विचारायला लाजू नका: प्रशिक्षण किती काळाचं आणि त्यात रुग्णांबरोबर देखरेखीखाली काम केलंय का, शोकाच्या किंवा नैराश्याच्या रुग्णांबरोबर आधी काम केलंय का, आणि माझ्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलाल का. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी विचारा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर रविवारची सकाळ रंगात घालवायला हरकत नाही. आईच्या मृत्यूबद्दल तिथे बोलू नका.

सराव कधी थांबवायचा तेही सांगून ठेवतो. लागोपाठ तीन वेळा बसल्यानंतर अंक दोनाने उतरला, किंवा काहीही काढायला घेतलं तरी हात हॉस्पिटलच्या खाटेकडेच वळू लागला, तर वही बाजूला ठेवा आणि ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. जगणं नकोसं वाटलं, स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर त्या क्षणी घरातल्या माणसाला उठवा, एकट्या राहू नका, आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. विचार जोरात असतील तर फोनवर थांबू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा.

पुढच्या भेटीला जाताना वही बरोबर न्या. डॉक्टरांना चित्रं दाखवायची गरज नाही, कोपऱ्यातले अंक आणि तारखा दाखवा. गोळीची वेळ किंवा डोस बदलायचा का, हे ठरवायला त्यांना त्याचा उपयोग होईल. कंपाची तक्रार पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा, तिथे गेल्यावर सांगायची राहते.